साखराबाईचा पुरवणी जबाब

चार वर्षं ज्या थोरल्या दिरानं मेंढवाड्याकडं ढुंकून पाहिलं नव्हतं, तो नाथा त्या सकाळी हातात मोसंब्यांची पिशवी धरून, बायकोला मागं घेऊन बांधावरून येताना दिसला, तेव्हाच साखराबाईनं ओळखलं की हा भेटायला आलेला नाही, बोलायला आलेला आहे. भेटायचंच असतं तर तिच्या नवऱ्याचा, सटवाचा पाय कापला तेव्हा भेटला असता. आला होता म्हणा एकदा अंबाजोगाईच्या दवाखान्यात. भावाच्या खाटेशी अर्धा तास उभा राहिला, पायाकडं बघायला लागू नये म्हणून छताच्या पंख्याकडं बघत बोलला आणि शेवटची एसटी चुकेल म्हणून निघून गेला. वाटण्यांत नाथानं नांदूरघाटची जमीन घेतली, सटवानं मेंढरं घेतली, आणि तेव्हापासून दोघांच्या बायका बाजारात समोरासमोर आल्या तरी भाजीकडं बघत पुढं जायच्या.

आजचं बोलावणं योगितानं धाडलं होतं. साखराबाईची ही एकुलती एक लेक बीडला पोलीस भरतीची तयारी करत होती, पण तीन आठवडे झाले, तिची धावपळ मैदानावर कमी आणि बापाच्या नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी जास्त चालली होती. काल संध्याकाळी ती रानात आली. हरभरा निघालेल्या त्या रिकाम्या रानात मेंढरं बसवली होती. लिंबाखाली सटवाची खाट होती. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता, डाव्या हाताला पकड राहिली नव्हती, आणि पाच महिन्यांत त्यानं तोंड उघडलं होतं ते बहुतेक पाणी मागायलाच.

"बस की अक्का," साखराबाईनं जावेला, भामाबाईला घोंगडी टाकून दिली.

"बसते. इथं वाऱ्यावावधानात कसं राहता गं तुमी," भामाबाई म्हणाली आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन मोसंबी सोलायला लागली.

चहा झाला. योगितानं प्लास्टिकच्या फाईलवर हात ठेवला आणि नाथाकडं बघितलं.

"आबा, सगळं सांगते, मधी बोलू नका. दवाखान्याचे कागद हायत. अपंगत्वाचा दाखला पुढल्या आठवड्यात मिळंल. जागेचे फोटो मी काढलेत, ते वळण, कडंचा मुरमाचा ढीग, सगळं. पेट्रोल पंपावर कॅमेरा हाय, पण जुनं आपोआप पुसलं जातंय म्हणं, ते गेलं. टपरीवाल्यानं आवाज ऐकला, गाडी बघितली न्हाई. म्हंजी सगळं हाय, गाडीच न्हाई. वकील म्हणतो, गाडी कोणती ते सांगा अन् डोळ्यांनी बघणारा माणूस आणा, बाकी माझ्यावर सोडा. अज्ञात वाहन म्हणूनच राहिलं तर जे मिळंल त्यात अण्णाला धड पाय बी बसायचा न्हाई."

"मुदत किती हाय?"

"पाडव्यापोत."

"अन् शिमगा तर आठ दिवसांवर आलाय," नाथा म्हणाला. मग त्यानं घसा खाकरला. "बघणारा माणूस कोण व्हता तिथं?"

सगळ्यांनी साखराबाईकडं बघितलं.

"अंधार व्हता," साखराबाई म्हणाली. "मी पुढं व्हते, हे मागं व्हते."

पाच महिने ती हेच बोलत आली होती. पोलिसांना हेच सांगितलं, लेकीला हेच सांगितलं. बोलून बोलून ते वाक्य इतकं गुळगुळीत झालं होतं की आता तोंडातून आपोआप सुटायचं.

खरं म्हणजे अंधार नव्हताच. नवरात्रातली पहाट होती, तांबडं फुटलं होतं, डांबरावरची खडी दिसावी इतका उजेड होता. साखराबाई निम्मी मेंढरं घेऊन रस्त्यापलीकडं उतरली होती, सटवा मागल्यांना हाकत होता. वळणावरून परळीच्या वीज केंद्रातली राख भरून निघालेला हायवा, मोठा टिपर आला. हॉर्न नाही, ब्रेक नाही. तीन मेंढ्या गेल्या आणि सटवाचा पाय चाकाखाली गेला. धडक पाठीमागून बसली, त्यामुळं सटवानं काही बघितलं नाही. बघितलं ते एकट्या साखराबाईनं.

असे गाडीवाले थांबत नाहीत. हा थांबला. पंचविशी उलटलेला पोरगा खाली उतरला. "मामी, दोन रात्री जागा हाय, डोळा लागला," एवढं म्हणाला आणि त्यानं सटवाला उचलून गाडीत घातलं. साखराबाई मेंढरं कुत्र्याच्या भरवशावर सोडून मागोमाग चढली. दवाखान्याच्या फाटकाशी त्यानं गाडी थांबवली. समोरच्या काचेपाशी बिरोबाचा फोटो होता, त्याखाली भंडाऱ्याची पुडी. त्यानं चिमूटभर भंडारा सटवाच्या तळहातावर ठेवला. "मामा, मी बी मेंढक्याचाच पोरगा हाय, धुळाजी माझं नाव. माझं अन् गाडीचं नाव घेऊ नका. मी तुमाला सोडणार न्हाई." सटवा तेव्हा अर्धवट शुद्धीत होता, तरी त्यानं मूठ मिटली. मग पोरानं दुसरी चिमूट साखराबाईच्या हातावर ठेवली. तिनंही मूठ मिटली. देवाचा भंडारा उचलला म्हणजे उचलला, त्यावर कोर्ट नाही आणि अपील नाही. रस्त्यात पडलेला माणूस दिसला म्हणून आणला, असं सांगून धुळाजी मोकळा झाला, आणि साखराबाईनं अज्ञात वाहन लिहून दिलं.

आणि त्यानं शब्द पाळला, तीच तर सगळी पंचाईत होऊन बसली. पळून गेला असता तर साखराबाईनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत खुशाल जबाब दिला असता. पण तो दवाखान्यात रात्री बसला, रक्त दिलं, पुढं वॉर्डात भाचा म्हणवून कागदावर सह्या केल्या. मेलेल्या तीन मेंढ्यांच्या बदल्यात आपल्या घरच्या तीन गाभण मेंढ्या आणून दिल्या. दर बाजारादिवशी तो मोटारसायकलवर यायचा, बाभळीचा पाला तोडून टाकायचा, सटवाला आंघोळ घालायचा, त्याची दाढी करायचा. बाकी आठवडाभर साखराबाईशी बोलणारं कुणी नसायचं. नवरा कूस बदलून पडायचा, लेक फोनवर "जेवलीस का" विचारून ठेवून द्यायची, आणि दिवसभर मेंढरांमागं फिरताना ती आपल्याच आवाजाला सोबत म्हणून मोठमोठ्यानं बोलायची. बाजाराच्या आदल्या दिवशीच तिचं लक्ष रस्त्याकडं लागायचं. ज्यानं नवऱ्याचा पाय घेतला त्याचीच आपण वाट बघतो, याची तिला लाज वाटायची, आणि तरी ती दोन भाकरी जास्तीच्या थापायची.

"बरं, अंधार व्हता तर व्हता," नाथा म्हणाला आणि जरा पुढं सरकला. "माझ्या साडूचा टेम्पो हाय. कागदपत्रं चालू, इन्शुरन्स चालू. तो तयार हाय. साखराबाईनं एवढंच म्हणायचं, की टेम्पो बघितला व्हता, घाबरून तवा सांगितलं न्हाई. वकिलाला असली सवय असती."

"आबा, मी पोलिसात भरती व्हायला निघाले," योगिता म्हणाली. "अन् पहिली खोटी केस घरच्याच माणसाची करू?"

"तुझ्या खऱ्यानं बापाला पाय फुटणार हाय का?" भामाबाईनं मोसंबीची फोड तिच्या हातात ठेवत विचारलं. बोलणं टोचरं होतं, पण हात मायेचा होता. "आमी काय आमच्यासाठी म्हणतोय व्हय? उद्या ही एकटी किती दिस मेंढरं राखणार हाय? इकावी लागतील. मंग खाणार काय?"

"खोटं न्हाई बोलायचं," खाटेवरून आवाज आला.

नाथा भावाकडं वळला. चार वर्षांनी दोघं पहिल्यांदा एकमेकांच्या तोंडाकडं बघत होते.

"मंग खरं बोल की बे," नाथा म्हणाला. "खोटं न्हाई बोलायचं, खरं न्हाई बोलायचं, अन् पोरीनं उन्हातान्हात पंपावर जाऊन कॅमेरे बघायचे. खरं काय हाय ते तरी कळू दे."

सटवानं तोंड फिरवलं. नाथा चिडून उठला आणि धोतराचा सोगा झटकत मेंढरांत गेला. त्याला मेंढरांची सवय गेली नव्हती. जमीन घेतली तरी हात वळवळतच असावेत, कारण तो चालता चालता एकेकीच्या पाठीवर हात ठेवत होता, लोकर चाचपत होता. साखराबाई त्याच्याकडं बघत राहिली. तिला उठून त्याला हाक मारायची होती, काहीतरी निमित्त काढायचं होतं. निमित्त सुचलं नाही.

नाथानं एका मेंढीचं डोकं मांडीत धरलं, तिचा कान उलटा केला. मग दुसरी पकडली. मग तिथूनच ओरडला नाही, शांत चालत परत आला, आणि ते जास्त वाईट होतं.

"आपल्या घरच्या मेंढरांच्या उजव्या कानाचं टोक उडवलेलं असतंय," तो म्हणाला. "बापापासून तसंच हाय. यातल्या तिघींच्या डाव्या कानाला मागून दोन खाचा हायत."

"इकत घेतल्या," साखराबाई म्हणाली.

"दोन खाचा धारूरच्या घाटाखालच्या अभिमन्यूच्या घरच्या. मी मेंढा घेतलता त्याच्याकडनं. गाभण मेंढी तो मेला तरी इकत न्हाई." नाथा थांबला. पुढचं त्याला बोलताबोलताच उमगत असावं. "अन् अभिमन्यूचा पोरगा राखेच्या हायवावर हाय."

योगितानं फाईल खाली ठेवली. तिनं आईकडं बघितलं, आईनं चुलीकडं बघितलं. बस, तेवढ्यात सगळं कळलं तिला.

"बाजारादिवशी येतो तो धुळाजी," ती म्हणाली. "ओळखीतला मेंढका म्हणून मी त्याला दोनदा चहा करून दिला, माय. तो म्हणला, ताई, तुमी लई धावपळ करायलाव."

साखराबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"कावून सांगितलं न्हाईस मला?"

"भंडारा उचललाय," सटवा खाटेवरून म्हणाला. "दोघांनी."

भामाबाईनं तोंडावर पदर धरला. नाथा मटकन खाली बसला. नुसती लपवाछपवी असती तर तो आरडला असता, शिव्या दिल्या असत्या. पण भंडाऱ्याचं नाव निघालं तसं त्याच्याही तोंडचं पाणी पळालं. योगिताला मात्र हुंदका आवरला नाही.

"तीन आठवडे मी त्या रस्त्यावर फिरले," ती म्हणाली. "टपरीवाल्याच्या पाया पडायची बाकी राहिली. अन् तू इथं भाकरी करून घालायलीस त्याला."

"तो येतो तरी," साखराबाई म्हणाली. तिला असं म्हणायचं नव्हतं. पण तोंडातून निघालं, आणि निघालं तसं तिथं बसलेल्या प्रत्येकाला कुठं ना कुठं लागलं.

भामाबाई जरा वेळानं उठून तिच्याजवळ येऊन बसली. "बघ साखरे, आमी न्हाई आलो, ते चुकलंच. पण ज्याचं नाव घ्यायचं त्याला सांगून मोकळी हो. ज्यानं भंडारा दिला त्यानं परत घेतला की सुटतंय. आमच्या माहेरी असं केल्यालं हाय."

"त्याला सांगितलं की तो गाडी गायब करंल," नाथा म्हणाला. "कागदावर दुसरा ड्रायव्हर दाखवतील. आधी जबाब, मंग काय सांगायचं ते सांग."

"आधी त्याला सांगणार," साखराबाई म्हणाली. "तोंडावर. मंग तुमी म्हणाल ते."

तिनं योगिताच्या फोनवरून धुळाजीला फोन लावला आणि आज येऊन जा, एवढंच म्हणाली. तो काही विचारायच्या आत तिनं फोन लेकीच्या हातात दिला, कारण बंद कुठून करायचा ते तिला सापडेना.

तिसऱ्या प्रहरी तो आला. साखराबाईनं बाकीच्यांना विहिरीकडं पाठवलं होतं. नाथा कुरकुरत गेला. धुळाजीनं मोटारसायकल बांधाला लावली, "मामा, बरं हाय का" म्हणत सटवाच्या पायाशी गेला, घोंगडी सारखी केली. मग लंगडणारी एक मेंढी दिसली तशी तिला पाडून तिचं खूर बघायला बसला.

"मामी, हिच्या खुरात काटा मोडलाय. चिमटा द्या."

तिनं चिमटा दिला. त्यानं काटा काढेपर्यंत ती उभी राहिली. वेळ बराच लागला, पण तिला वाटलं की अजून लागावा.

"धुळाजी, घरच्यांना कळलंय," ती म्हणाली. "मेंढ्यांच्या कानावरून कळलं."

त्यानं मेंढी सोडली. हात मातीत घासून पुसले.

"वकील म्हणतो मी बघितलं असं सांगायला पाहिजे. तर ह्यांना पाय मिळंल. भरपाई तू देत न्हाईस, इन्शुरन्सची कंपनी देती."

"कंपनी देती, अन् मंग मालकाकडून वसूल करती," धुळाजी म्हणाला. "माझ्याकडं मोठ्या गाडीचं लायसन न्हाई, मामी. मालकाला ठावं हाय, म्हणून तर कमी पगारावर ठेवलंय. मालक त्याचं माझ्या घरातनं काढंल. अन् मी आत. पोरगी अजून रांगती हाय माझी."

"ठावं हाय मला."

"तुमाला ठावं हाय, अन् तरी."

साखराबाईनं कमरेची पुडी काढली. सकाळपासून तिनं ती जवळ ठेवली होती. तळहातावर चिमूटभर भंडारा घेऊन तिनं हात त्याच्यासमोर धरला. "परत घे. तू घेतलास की आमी सुटतो. मी तुला शिकवायला मोठी न्हाई, पण एवढं कर माझ्यासाठी."

धुळाजीनं दोन्ही हात मागं घेतले. लहान पोर मार चुकवायला घेतं तसे.

"न्हाई घेत, मामी. तुमाला बोलायचं तर मोडून बोला. माझ्या हातानं मी माझं नाव कसं देऊ?"

तिला राग यायला हवा होता. राग आला असता तर पुढचं सगळं सोपं झालं असतं. पण तिला नुसतं वाईट वाटलं, त्याचंही आणि आपलंही, आणि तिचा हात तसाच पुढं राहिला. वाऱ्यानं भंडारा उडून तिच्या लुगड्यावर पडला.

"मी तर बोलणार न्हाई, धुळाजी," सटवा खाटेवरून म्हणाला. "मी बघितलंच न्हाई काही. हिचं मला ठावं न्हाई."

धुळाजीनं मान हलवली. जाताना तो मामाच्या पाया पडला. मामीपाशी थांबला, पण वाकला नाही, आणि मोटारसायकल चालू न करताच रस्त्यापर्यंत ढकलत घेऊन गेला.

नाथा आणि भामाबाई दिवस मावळायच्या आत निघाले. "आता तुझ्यावर हाय," नाथा जाताना म्हणाला, आणि साखराबाईला मनात हसू आलं. सकाळपासून सगळे हेच म्हणत होते. वकील म्हणाला बघणारी तू, दीर म्हणाला तुझ्यावर हाय, नवरा म्हणाला हिचं मला ठावं न्हाई. एवढी माणसं जमली होती आणि शेवटी सगळ्यांनी मिळून एक गाठोडं बांधून तिच्या डोक्यावर ठेवलं होतं. योगिता चुलीपुढं बसून भाकरी करत होती, आईशी बोलत नव्हती.

साखराबाई सटवाला उठवून बसवायला गेली. रोजच्यासारखं त्याच्या काखेत हात घालून तिनं त्याला ओढलं. तो बसला, आणि त्याचं लक्ष समोर गेलं. मेंढरं परतत होती. पुढची मेंढी भलतीकडंच वळली, दुसऱ्याच्या उभ्या गव्हाकडं. सटवाच्या तोंडून हाकारा निघाला आणि त्याचबरोबर उजवा गुडघा उचलला गेला. अर्धा पाय हवेत वर आला आणि खाली आला. योगितानं पळत जाऊन मेंढी वळवली.

"पाय बसवला तर चालाल का वो?" साखराबाईनं विचारलं.

त्यानं घोंगडी मांडीवर ओढून घेतली.

"डॉक्टर म्हणलता चालता येईल," तो म्हणाला. "मेंढरामागं बी जाता येईल म्हणलता. हळूहळू."

"मंग मी सांगू का?"

सटवा मेंढरांकडं बघत राहिला. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि तिला तो जेवढा स्पष्ट कळला, तेवढा लग्नाच्या इतक्या वर्षांत कळला नव्हता. त्याला पाय पाहिजे होता. त्याला मेंढरांमागं जायचं होतं. फक्त भंडारा मोडल्याचं पाप आपल्या हातून व्हायला नको होतं, ते कुणीतरी दुसऱ्यानं करावं आणि आपल्याला विचारू नये, असं त्याला वाटत होतं. ती चिडली नाही. तिनं त्याच्या पाठीशी घोंगडीची गुंडाळी लावली आणि उठली.

"योगिता," ती म्हणाली, "सकाळी किती वाजता निघायचं?"

पोलीस ठाण्यात सकाळी गर्दी नव्हती. जमादार वयस्क होता, चष्मा कपाळावर ठेवून लिहायचा. त्यानं साखराबाईला खुर्ची दिली, पाणी दिलं. योगितानं वाटेत एसटीत आईला सगळं समजावून सांगितलं होतं. आधीच्या जबाबाला जोडून दुसरा जबाब घेतात, त्याला पुरवणी जबाब म्हणतात. विचारतील तेवढंच सांगायचं. आधी भीतीनं सांगितलं नाही, असं म्हणायचं, आणि ते काही खोटं नाही, भीती होतीच. त्यानं मेंढ्या दिल्या, तो येत होता, हे आपणहून काढायचं नाही. नाहीतर त्यांचा वकील म्हणेल की यांचं आपसात मिटलं होतं. आणि माय, ड्रायव्हर नात्यातला निघाला की हे आपसात ठरवलंय अशी कोर्ट शंका घेतं, म्हणून तेवढं नीट सांग.

साखराबाईनं सगळं नीट सांगितलं. तांबडं फुटलं होतं. आपण पलीकडं होतो. हायवा वळणावरून आला, हॉर्न वाजला नाही. गाडीचा रंग सांगितला, पुढच्या काचेवर बिरोबाचा फोटो होता हे सांगितलं. धुळाजीचं नाव तिनं घेतलं, त्याच्या बापाचं घेतलं, गावाचं घेतलं. नाव घेताना काही झालं नाही. जीभ झडली नाही, डोळ्यांपुढं अंधारी आली नाही. तिला वाटलं होतं की काहीतरी होईल, आणि काहीच होत नाही म्हटल्यावर तिला जास्त भीती वाटली. जमादार शांतपणे लिहीत होता, मध्येच थांबून "मग?" म्हणत होता. शेजारी योगिता ताठ बसली होती. कालपासून पहिल्यांदा तिनं आईच्या पाठीवर हात ठेवला.

"झालं बाई, एवढं शेवटचं," जमादार म्हणाला. त्यानं कागद उलटा केला. "हा ड्रायव्हर धुळाजी अभिमन्यू, हा तुमचा कोण लागतो?"

साखराबाईनं टेबलाची कड धरली.

"नात्यातला हाय का? पाहुणा, भाऊबंद, काही?"

दवाखान्यातल्या कागदांवर त्यानं भाचा म्हणून सही केली होती. मामाच्या तोंडावरून वस्तरा फिरवताना तो श्वास धरून ठेवायचा, कापू नये म्हणून. गेल्या पाच महिन्यांत तिला "मामी, तुमी जेवलात का" असं विचारून उत्तर ऐकेपर्यंत थांबणारा तो एकटा होता.

"कुणी न्हाई," ती म्हणाली.

"मोठ्यानं सांगा बाई, लिहायचंय."

योगिताचा हात पाठीवर होता. साखराबाईनं घसा साफ केला, जमादाराच्या पेनकडं बघितलं आणि खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा सांगितलं.

"आमचा कुणी लागत न्हाई तो."